तीस सेकंद

उसना कॅमेरा, मावसभावाचा माइक,
आणि रात्रवर्गात शिकलेला एवढाच एक नियम:
मुलाखत संपली तरी उठायचं नाही.
तीस सेकंद तिथंच गप्प बसायचं
आणि ती गप्प खोली रेकॉर्ड करायची.
प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते,
एकीचं ठिगळ दुसरीला लागत नाही.

मला वाटलं होतं, ही तांत्रिक बाब आहे.

वाल्दिव्हियात, मासळीबाजारामागे,
एदेल्मिरा राहते तिसऱ्या मजल्यावर.
पहिली मुलाखत तिची. आणि माझी.
अकरा मिनिटं लेन्सचं झाकण काढायचंच राहिलं.
तिनंच बोट करून दाखवलं.
म्हणाली, बरं झालं गं,
आत्तापर्यंत खोटंच सांगत होते.

मग खरं सांगितलं.
ते फिल्ममध्ये आहे, इथं परत नको.

शेवटी मी म्हटलं, आता तीस सेकंद काही बोलू नका, प्लीज.
ती माझ्याकडे बघतच राहिली.
एकोणीस वर्षं हेच ऐकलं, म्हणाली,
प्लीज तेवढं नवीन आहे.

माझा हात बटणाकडे गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
राहू दे चालू, ती म्हणाली,
आणि माझ्या कानांवरचे हेडफोन काढून
स्वतःच्या कानांवर चढवले.
फ्रिजची घरघर. शेगडीत धुमसणारं ओलं लाकूड.
खाली धक्क्यावर माशांच्या मुंडक्यांवरून
भांडणारे समुद्रसिंह.
चार मिनिटं बारा सेकंद.
मी मध्ये खोकलेसुद्धा नाही.

मारिसेलला चेहरा द्यायचा नव्हता.
म्हणून पाठ, आणि बेकरीतला पांढरा कोट.
तिच्या शांततेत, सतराव्या सेकंदाला,
जिन्यात कुणाच्या तरी किल्ल्या वाजतात.
शेजारचा म्हातारा, भाजी घेऊन आलेला.
पडद्यावर फक्त खांदे वर जाताना दिसतात.
चार वर्षं झाली बाहेर पडून, मी म्हटलं, तरी अजून?
लाज वाटते आता त्या प्रश्नाची.
ती म्हणाली, नीट बघ, खाली आले ना?
पूर्वी वर गेले की
आठवडाभर तिथंच असायचे.

निधी देणाऱ्यांचं पत्र आलं सांतियागोहून:
फुटेज प्रामाणिक आहे,
पण कुठलीच बाई कोसळताना दिसत नाही, तो क्षण हवा.

ते पत्र मी ओर्तेन्सियाबाईंना वाचून दाखवलं.
वय एकाहत्तर. एकोणसत्तराव्या वर्षी गाडी शिकल्या,
आता निएब्लाच्या रस्त्यावर सरपण पोचवतात.
मुलाखत त्यांनी दिलीच नाही.
शेजारी बसवलं, सफरचंदाचा केक दिला,
गिअर कसा टाकायचा ते सांगत राहिल्या.
पत्र ऐकून म्हणाल्या, कोसळायला वेळ कुणाला आहे,
तीनच्या आत दोन खेपा करायच्यात.
त्यांची खोली म्हणजे ती केबिन:
कुरकुरणारा वायपर, डॅशबोर्डवर थरथरणारी नाणी,
आणि उतारावर अचानक
बंद केलेलं इंजिन.
पेट्रोल वाचतं, म्हणाल्या.

आता एडिटिंग. एका जागी माझाच प्रश्न कापायचा आहे,
आणि त्या भोकात भरायला
माझ्या खोलीची शांतता माझ्याकडे नाही.

म्हणून ओसोर्नोला आले, आईच्या स्वयंपाकघरात.
आईनं रेडिओ बंद केला, ओले हात तसेच धरून उभी राहिली.
तीस सेकंद, मी म्हटलं. तिनं मान हलवली.
दहा. पंधरा.
बाहेर कुणाचं तरी कुत्रं.
बाविसाव्या सेकंदाला ती म्हणाली,
त्या रात्री तू जागी होतीस ना गं?

नियमानं ही फाइल वाया गेली.
चुकले का मी, आई म्हणाली, परत घेऊ या?
थांब, मी म्हटलं.
अजून चालू आहे.